घर बांधण्याआधी तीस वर्षांचा हिशोब कसा मांडायचा

गच्चीचं वॉटरप्रूफिंग चौरस फुटाला ४० रुपयांत होतं आणि २१० रुपयांतही होतं. दोन्ही कोटेशनं टेबलावर शेजारी ठेवली की बहुतेक घरमालक ४० वाल्याला हो म्हणतात. कधीकधी तो निर्णय बरोबरही असतो. पण तो बरोबर आहे की नाही, हे त्या दोन आकड्यांवरून कळूच शकत नाही. कोटिंग किती वर्षं टिकणार, पुन्हा करताना काय काय खरवडावं लागणार आणि खालच्या खोलीतला एसी किती चालणार, यातलं काहीच कोटेशनवर लिहिलेलं नसतं.

असे प्रश्न कागदावर कसे सोडवायचे, त्याची पद्धत इथे पायरीपायरीने दिली आहे. उदाहरणासाठी देशावरचं एक साधं घर धरू: १००० चौरस फूट, तळमजला, आरसीसी फ्रेम, वर सपाट स्लॅब. रुपयांचे सगळे आकडे गणित दाखवण्यापुरते आहेत. तुमच्या तालुक्यातले भाव वेगळे असणार, ते घालून हिशोब पुन्हा करा. भाव कुठून घ्यावेत असा प्रश्न पडला तर दोन ठेकेदारांकडून लेखी घ्या आणि सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीशी ताडून पाहा.

पायरी १. तुलना कशाची, ते आधी ठरवा

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. "वीट ९ रुपयांना आणि ब्लॉक ८५ रुपयांना" ही तुलनाच नव्हे. तुम्हाला वीट नको असते, भिंत हवी असते. म्हणून दोन्ही बाजूंनी प्लास्टर झालेली एक चौरस मीटर भिंत हे माप धरा. तिच्यात विटा किंवा ब्लॉक, जोडायचा माल, मजुरी, दोन्हीकडचं प्लास्टर, जाळी आणि वाया जाणारा माल, सगळं आलं. गच्चीचं माप एक चौरस फूट तयार गच्ची, म्हणजे उतार, पॅरापेटच्या (कठड्याच्या) कडेचा वाटा, म्हणजे कोपऱ्यातली मालाची गोलाई, आणि पाणी भरून घेतलेली चाचणी धरून. खिडकीचं माप काच, कडी, जाळी आणि फिटिंगसह बसवलेली खिडकी.

दोन्ही पर्यायांनी कामही सारखंच करायला हवं. चालायची गच्ची आणि न चालायची गच्ची यांची तुलना करू नका. पातळ कोटिंगवर पापड-कुरडया वाळत घातल्या, टाकी साफ करायला शिडी टेकवली की ते फाटतं. मग स्वस्त पर्याय म्हणून धरलेली वस्तू मुळात तुमच्या वापराची नव्हतीच.

शेवटी मुदत ठरवा. स्वतः राहायच्या घराला ३० वर्षं धरणं सोयीचं. फ्रेम त्याहून जास्त टिकायला हवी, पण गच्ची, रंग, खिडक्या आणि नळकाम यांची एक-दोन आवर्तनं ३० वर्षांत येऊन जातात.

पायरी २. प्रत्येक पर्यायाचा एक कागद

एका पर्यायाला एक कागद आणि त्यावर पाच ओळी: आजचा खर्च, ठरावीक वर्षांनी येणारी डागडुजी, पूर्ण बदलायची वेळ आणि तेव्हाचा खर्च, दर वर्षीचा वीज-पाण्याचा खर्च किंवा बचत, आणि मुदत संपताना वस्तूत उरलेली किंमत.

तिसऱ्या ओळीत लोक एक गोष्ट हमखास विसरतात. बदलायचं म्हणजे आधी जुनं काढायचं. कोबा फोडणं, राबिट (फोडलेला मलबा) गोणीत भरून खाली उतरवणं आणि ट्रॅक्टरने नेऊन टाकणं याचे पैसे नव्या कामापेक्षा वेगळे लागतात. बाथरूमची फरशी बदलताना तर फरशीपेक्षा फोडाफोडी आणि खालचं नळकाम महाग पडतं.

पायरी ३. पुढचे रुपये आजच्या रुपयांत आणा

वीस वर्षांनी खर्चायचा एक लाख आणि आज खर्चायचा एक लाख सारखे नाहीत. आजचा लाख बँकेत ठेवला तर वाढतो, आणि कर्ज काढून घातला तर त्यावर व्याज बसतं. त्यामुळे पुढचा खर्च आजच्या किमतीत उतरवून घ्यावा लागतो.

यात महागाईची भानगड फार सोपी करता येते. पुढचे सगळे खर्च आजच्याच भावाने लिहा, महागाई चढवू नका. मग व्याजदरातूनही महागाई वजा करा. गृहकर्ज ९ टक्क्यांचं आणि महागाई ५ टक्के धरली तर खरा दर ४ टक्क्यांच्या आसपास येतो. पुढचा खर्च महागाईने फुगवायचा आणि वर ४ टक्केच दर लावायचा, किंवा उलट खर्च आजच्या भावाने लिहून दर ९ टक्के धरायचा, या दोन्ही चुका अगदी शिकलेली माणसंही करतात. पहिलीत दुरुस्ती अवाढव्य दिसते, दुसरीत ती दिसेनाशी होते.

४ टक्क्यांना एका रुपयाची आजची किंमत अशी:

५ वर्षांनी: ०.८२२
१० वर्षांनी: ०.६७६
१५ वर्षांनी: ०.५५५
२० वर्षांनी: ०.४५६
२५ वर्षांनी: ०.३७५
३० वर्षांनी: ०.३०८

मधलं वर्ष हवं असेल तर कॅल्क्युलेटरवर १ ला १.०४ ने तितक्या वेळा भागा. दर वर्षी सारखा येणारा खर्च किंवा बचत असेल तर ३० वर्षांसाठी सरळ १७.२९ ने गुणा. वर्षाला १,००० रुपये वाचत असतील तर त्याची आजची किंमत १७,२९० रुपये, तीस हजार नव्हे.

पायरी ४. गच्चीवर हे करून पाहू

गच्चीवर फारसा वावर नाही असं धरून तीन पर्याय घेऊ.

अ) स्लॅबवर उताराचा पातळ थर आणि त्यावर ॲक्रिलिक कोटिंग. आज ४०,००० रुपये. दर ५ वर्षांनी पुन्हा ४०,०००.

ब) नेहमीचा ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा जाड थर. आज १,२०,००० रुपये. ५, १०, १५ आणि २५ व्या वर्षी सांधे भरणं आणि किरकोळ दुरुस्ती, प्रत्येक वेळी १०,०००. विसाव्या वर्षी फोडून नवा, फोडण्यासह १,५०,०००.

क) मेम्ब्रेन (पाणी अडवणारा पडदा), त्यावर २५ मिलिमीटरचा एक्सपीएस बोर्ड (उष्णता अडवणारा फोम), जाळी घालून काँक्रीटचा थर आणि वर पांढरं चायना मोझॅक. आज २,१०,००० रुपये. १० व्या आणि २० व्या वर्षी १०,००० ची दुरुस्ती.

'अ' चा हिशोब: ५, १०, १५, २० आणि २५ वर्षांच्या किमतींची बेरीज २.८८४. गुणिले ४०,००० म्हणजे १,१५,३६०. त्यात आजचे ४०,००० मिळवले की एकूण १,५५,३६०.

'ब' चा हिशोब: आजचे १,२०,०००, किरकोळ दुरुस्तीचे २४,२८०, विसाव्या वर्षीच्या दीड लाखाची आजची किंमत ६८,४००. तिसाव्या वर्षी नव्या कोब्याचं निम्मं आयुष्य शिल्लक असतं, म्हणून ६०,००० ची आजची किंमत १८,४८० वजा. एकूण १,९४,२००.

'क' चा हिशोब: २,१०,००० अधिक ११,३२०, म्हणजे २,२१,३२०. यात विजेची बचत अजून धरलेली नाही.

बचत अशी काढा. साधा स्लॅब दर चौरस मीटरला, आत-बाहेरच्या तापमानातल्या प्रत्येक अंशामागे, साधारण ३.३ वॅट उष्णता आत सोडतो. २५ मिलिमीटर एक्सपीएस घातल्यावर ती ०.९ वर येते. घरांसाठीच्या इको निवास संहितेत छताची मर्यादा १.२ आहे, त्यात हा थर बसतो आणि नुसता कोबा बसत नाही. दोन बेडरूमवर मिळून २४ चौरस मीटर स्लॅब, तापलेल्या गच्चीमुळे पडणारा फरक सरासरी १२ अंश: २४ गुणिले २.४ गुणिले १२, म्हणजे सुमारे ६९० वॅट उष्णता कमी आत येते. एसी एका युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता बाहेर काढतो, म्हणजे २३० वॅट वीज वाचते. रोज ८ तास आणि वर्षाला १२० दिवस धरले तर २२० युनिट. ९ रुपयांनी सुमारे २,००० रुपये, गुणिले १७.२९ म्हणजे ३४,५८०. ती वजा केल्यावर 'क' उरतो १,८६,७४० ला.

म्हणजे या आकड्यांत सगळ्यात स्वस्त 'अ' च. थांबा, इतक्यात कोटिंगवाल्याला फोन लावू नका.

पायरी ५. आकडा हलवून पाहा

वरच्या हिशोबात सगळ्यात कच्चा आकडा कोणता? "दर ५ वर्षांनी". तो बदलून पाहा. कोटिंग ४ वर्षं टिकलं तर 'अ' जातो १,९६,९६० वर, म्हणजे कोब्याच्या थोडा पुढेच. आणि ३ वर्षंच टिकलं तर २,४९,२४०, तिन्हींत सगळ्यात महाग. दोन वर्षांच्या फरकाने पहिला नंबर शेवटचा झाला. म्हणून खरा प्रश्न भावाचा नाही. कोटिंग किती वर्षं टिकेल आणि ते वेळेवर पुन्हा कोण करेल, हा आहे. दर पाच वर्षांनी मे महिन्यात गच्ची धुऊन, भेगा भरून, दोन हात मारून घेणारा माणूस घरात असेल तर 'अ' घ्या. मुलं परगावी आणि घरात म्हातारी माणसं असतील तर घेऊ नका.

कोटिंग लवकर जाण्याची कारणंही ठरलेली असतात. ओल्या स्लॅबवर मारलेलं असतं, मग वाफ धरून फोड येतात. पॅरापेटच्या कोपऱ्यात वाटा न करता काटकोनात मारलेलं असतं, तिथे पहिली भेग पडते. किंवा उतार १०० ला १ सुद्धा नसतो आणि पाणी साचून राहतं.

टाळलेल्या दुरुस्तीचा खर्चही मांडून ठेवा. स्लॅबमध्ये पाणी मुरलं की सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जास्त जागा घेतो, त्यामुळे खालचं कव्हर (सळई झाकणारं काँक्रीट) सुटून छताचे पोपडे पडतात. सळई उघडी पडल्यावरची दुरुस्ती ही वॉटरप्रूफिंगच्या दुरुस्तीपेक्षा वेगळ्याच वर्गातली असते. ती कागदावर आली की ४० रुपयांचा मोह बराच ओसरतो.

कोब्याबद्दल एक इशारा. सरासरी चार इंच कोब्याचं वजन चौरस मीटरला २०० किलोच्या घरात जातं, १००० चौरस फुटांना १८ टन. जुना कोबा गळायला लागला की "फोडायचं कशाला, वरून नवा मारू" असं सांगणारे पुष्कळ भेटतात. मारला की स्लॅबवर आणखी १८ टन आले, जे आरसीसी डिझाइनमध्ये कुणी धरलेले नव्हते. फोडायचे ३०,००० वाचवू नका.

आणि गच्चीवर सोलर बसवायचा विचार असेल तर तो आत्ताच करा. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं, त्यामुळे आज ना उद्या पॅनल येतातच. स्टँडच्या पायांसाठी लागणारे काँक्रीटचे ठोकळे वॉटरप्रूफिंगच्या आधी ओतून घ्या आणि कोटिंग त्यांच्या अंगावर चढवून घ्या. नंतर आलेला फिटर ड्रिल मशीनने मेम्ब्रेनला डझनभर भोकं पाडून जातो आणि गळतीची जबाबदारी कुणाचीच राहत नाही.

पायरी ६. कार्बनचा हिशोब, मोठ्या आकड्यापासून

पर्यावरणपूरक घर म्हटलं की लोक बांबूची फरशी आणि मातीचा रंग शोधू लागतात. आधी वजनं पाहा. साध्या आरसीसी घराला ढोबळमानाने चौरस फुटाला ०.४ गोणी सिमेंट आणि साडेतीन ते चार किलो सळई लागते. आपल्या घराला ४०० गोण्या, म्हणजे २० टन सिमेंट आणि जवळपास ४ टन लोखंड.

साध्या ओपीसी सिमेंटमागे किलोला सुमारे ०.९ किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो. त्यातला निम्म्याहून जास्त भट्टीच्या इंधनातून येत नाही, चुनखडीतूनच येतो. चुनखडी तापली की तिचा चुना होतो आणि वायू बाहेर पडतो, इंधन कुठलंही वापरा. म्हणून क्लिंकरच, म्हणजे भट्टीतून निघणारा सिमेंटचा मूळ मालच, कमी वापरणं हा खरा उपाय. पीपीसी सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के फ्लाय ॲश (कोळशाची राख) असते, स्लॅग सिमेंटमध्ये २५ ते ७० टक्के स्लॅग (लोखंडाच्या भट्टीची मळी). ३० टक्के राख असलेल्या पीपीसीचा आकडा ०.६२ च्या आसपास येतो. २० टनांवर हा फरक पाच टनांहून जास्त आहे, आणि त्यासाठी पैसे जास्त लागत नाहीत, पीपीसी बहुधा थोडं स्वस्तच मिळतं.

मग गवंडी नाक का मुरडतात? पीपीसी सुरुवातीला सावकाश ताकद धरतं म्हणून. ही तक्रार खरी आहे, पण उपाय सोपा आहे. ओपीसीला किमान ७ दिवस पाणी मारायचं तर पीपीसीला किमान १० आणि शक्यतो १४ दिवस. स्लॅबवर वाफे बांधून पाणी भरून ठेवा, सकाळ-संध्याकाळ पाइपने भिजवणं एप्रिलच्या उन्हात पुरत नाही. ४.५ मीटरपर्यंतच्या गाळ्याला (दोन आधारांमधल्या अंतराला) स्लॅबचे टेकू ७ दिवसांनी काढायचा नियम ओपीसीसाठी आहे. पीपीसीला जास्त थांबा आणि किती ते आरसीसी कन्सल्टंटकडून लिहून घ्या. सेंट्रिंगवाल्याला प्लेटा पुढच्या साइटवर न्यायच्या असतात, घाई त्याची असते.

पाण्याकडेही लक्ष ठेवा. पाणी-सिमेंट प्रमाण ०.५ म्हणजे ५० किलोच्या गोणीला २५ लिटर. एका गोणीला लागणारी वाळू ८० किलोच्या घरात. ती ५ टक्के ओली असेल तर ४ लिटर पाणी वाळूबरोबरच आलं, मिक्सरमध्ये २१ लिटरच घालायचं. "माल पळत नाही" म्हणून आणखी एक बादली ओतली की ताकद कमी होते, भेगा वाढतात, आणि ३० वर्षांच्या कागदावर दुरुस्तीची ओळ अलीकडे सरकून विसाव्याऐवजी बाराव्या वर्षी येते.

स्लॅबची जाडीही विचारा. आपल्या घराचा ५ इंची स्लॅब म्हणजे साधारण ११.६ घनमीटर काँक्रीट. त्यात "असू द्या मजबूत" म्हणून अर्धा इंच वाढवला तर सव्वा घनमीटरच्या आसपास माल वाढतो, नऊएक गोण्या सिमेंट, आणि वर स्लॅबचं स्वतःचं वजन. खोल्यांचे गाळे लहान ठेवून डिझाइन नीट करून घेतलं तर लोखंड आणि सिमेंट दोन्ही वाचतात. आरसीसी कन्सल्टंटची फी हा या कागदावरचा बहुतेक वेळा सगळ्यात फायद्याचा खर्च असतो.

वाहतुकीचाही एक झटपट आकडा लक्षात ठेवा: ट्रकने एक टन माल एक किलोमीटर नेला की ढोबळमानाने ०.१ किलो कार्बन डायऑक्साइड. सहा टन फरशी ६०० किलोमीटरवरून आणली तर ३६० किलो. गुजरातेतल्या मोरबीच्या टाइल्सऐवजी जवळची शहाबादी घेणं चांगलंच, पण सिमेंट बदलून वाचणाऱ्या पाच टनांसमोर ते किती, तेही दिसू द्या.

गच्चीच्या 'क' पर्यायातली २२० युनिट वीज, युनिटला ०.७ किलोने, वर्षाला १५४ किलो होते. तीस वर्षांत साडेचार टनांच्या वर. ग्रीडची वीज जसजशी स्वच्छ होईल तसा हा आकडा घटेल. म्हणून आज होणारी बचत आणि पुढे होईल ती बचत एकाच तराजूत टाकताना पुढचीला थोडं कमी वजन द्या. एक्सपीएस घेताना तो फुगवायला कोणता वायू वापरला तेही विचारा. काही वायूंचा तापवणारा परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या शेकडो पट असतो आणि मग बचतीतला बराच भाग बोर्डातच खर्ची पडतो.

पायरी ७. भिंत

एक चौरस मीटर भिंत घेऊ. ९ इंची लाल विटेच्या भिंतीला साधारण १०० विटा लागतात (विटेचा साइज गावोगाव बदलतो, भट्टीवर जाऊन मोजा), आणि त्या जोडायला १:६ च्या (एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू) मालात १६ किलोच्या आसपास सिमेंट. प्लास्टर सोडून वजन ४०० किलो. ८ इंची एएसी (हलक्या, सच्छिद्र) ब्लॉकच्या भिंतीला ६०० बाय २०० चे सव्वाआठ ब्लॉक, ३ मिलिमीटरच्या सांध्याला सहाएक किलो ब्लॉक ॲढेसिव्ह, आणि वजन १२०-१५० किलो. उष्णता विटेच्या भिंतीतून अंशाला साधारण २ वॅट येते, ब्लॉकमधून ०.७५ ते ०.८.

कार्बनची तुलना किलोमागे केली तर ब्लॉकचा आकडा विटेच्या बरोबरीचा, कधी जास्तही दिसतो, कारण त्यात सिमेंट आणि चुना असतो. पण भिंतीत किलो किती, ते पाहा. माप एक चौरस मीटर भिंत हे धरलंय ते याचसाठी.

हलक्या भिंतीमुळे बीम-कॉलमचं लोखंड वाचतं, हे खरं आहे, पण डिझाइन करतानाच भिंत एएसीची धरली असेल तर. विटेचं वजन धरून काढलेल्या ड्रॉइंगवर नंतर ब्लॉक वापरले तर लोखंड एक किलोनेही कमी होत नाही. आणि ज्या घरात भिंतच स्लॅबचा भार घेते तिथे हे ब्लॉक वापरू नका, फ्रेममधला भराव म्हणूनच वापरा.

ब्लॉकच्या भिंतीला भेगा का पडतात? चार कारणं पुन्हापुन्हा दिसतात. ब्लॉक पावसात भिजलेले बसवले, मग सुकताना आकसले. साध्या जाड मालात जोडले. कॉलमच्या सांध्यावर दोन्हीकडे १५० मिलिमीटर जाळी न लावता प्लास्टर केलं. शेवटचा थर बीमला घट्ट ठोकून बसवला, बीम थोडा वाकला की भार भिंतीवर. जाळी आणि भिंतीतले मधले काँक्रीटचे पट्टे यांचे पैसे पहिल्या कागदातच धरा, नाहीतर ते दुसऱ्या वर्षी रंगाऱ्याच्या बिलात दिसतात. कपाटं, गिझर, टीव्ही कुठे टांगायचे तेही आधीच सांगा. साधा रावळप्लग ब्लॉकमध्ये धरत नाही, त्याला वेगळे अँकर लागतात.

कोकणात आणि गोव्यात हा कागद वेगळा निघतो. जांभा जवळच्या खाणीतून कापून येतो, भाजावा लागत नाही, आणि चांगला चिरा असेल तर बाहेरचं प्लास्टर आणि त्यावरचा दर काही वर्षांचा रंगही वाचतो. तिथे पैसे दुसरीकडे घाला. समुद्राच्या हवेत उघड्या काँक्रीटला किमान ४५ मिलिमीटर कव्हर आणि एम ३० ग्रेड (काँक्रीटच्या ताकदीची प्रत) लागते. देशावरच्या ठेकेदाराच्या सवयीचं २० मिलिमीटर कव्हर तिथे चालत नाही. कव्हर ब्लॉक सिमेंटचे, मापाचे हवेत. फरशीच्या तुकड्यांवर सळई टेकवलेली दिसली तर काम थांबवा.

पायरी ८. चालवायचा खर्च

इथे फार रेंगाळायला नको, पण एक उदाहरण. साधा पंखा ७५ वॅट, कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा ३५ वॅटच्या आत. रोज १२ तास आणि ३०० दिवस धरले तर एका पंख्यामागे १४४ युनिट वाचतात. म्हणजे दोन पंखे बदलले की वर्षाला २८८ युनिट वाचतात, गच्चीवरच्या महागड्या थरापेक्षा जास्त. पैसे तोकडे असतील तर आधी पंखे. थर मात्र घर बांधतानाच घालता येतो, पंखा कधीही बदलता येतो, एवढं लक्षात ठेवा. नंतर बदलायला कठीण त्या गोष्टींवर आधी खर्च करा: उतार, कव्हर, खिडक्यांची दिशा आणि छज्जे, भिंतीत जाणारे पाइप.

पायरी ९. पाडायच्या दिवशी काय उरतं

पुण्या-नाशिकचे जुने वाडे उतरवताना सागवानी तुळया आणि घडीव दगड विकले जातात. चुन्यात बसवलेली वीट साफ करून पुन्हा वापरता येते. सिमेंटमध्ये जोडलेली वीट तुटते, सांधा तुटत नाही, मग सगळं राबिट. आजच्या घरात उरलेली किंमत प्रामुख्याने लोखंड, ॲल्युमिनिअम आणि स्क्रूने बसवलेली दारं-खिडक्या यांत असते. कागदावर ती धरा, पण हात राखून. तीस वर्षांनंतरचा रुपया आज ३१ पैशांचा असतो, त्यामुळे या ओळीने निकाल क्वचितच बदलतो.

पायरी १०. हिशोब करारात उतरवा

"चौरस फुटाला इतके, मालासकट" असा ठेका दिला की ठेकेदाराचं हित आजच्या खर्चात आणि तुमचं तीस वर्षांत, अशी फारकत होते. त्यात त्याचा दोष नाही, त्याला तेवढंच विचारलेलं असतं. म्हणून करारात नुसतं "वॉटरप्रूफिंग करणे" लिहू नका. थर कोणते, प्रत्येकाची जाडी, उतार किती, वाटा किती इंचाचा, पॅरापेटवर किती उंचीपर्यंत चढवायचं, आणि ४८ ते ७२ तास पाणी भरून चाचणी झाल्यावरच हप्ता, असं लिहा. सिमेंटचा प्रकार, क्युरिंगचे (पाणी मारायचे) दिवस आणि टेकू काढायची तारीखही लिहा.

शेवटी एक फाइल करा. आरसीसी ड्रॉइंग, काँक्रीट ओतण्याआधी सळईचे आणि वायरिंगच्या पाइपांचे फोटो, स्लॅब टाकल्याची तारीख, गच्चीवर कोणता माल कोणत्या कंपनीचा किती वापरला त्याची बिलं, पाणी भरलेल्या गच्चीचा तारखेसह फोटो. बाथरूमच्या भिंतींचा फोटो काढताना शेजारी टेप उघडून धरा, म्हणजे नळाचा पाइप कोपऱ्यापासून किती इंचावर आहे ते कळेल आणि पुढच्या प्लंबरला सगळी भिंत फोडावी लागणार नाही.